गोष्ट वाचून झाल्यावर मुलांना 'कशावरून?' एवढं तरी विचारा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात एका वाचकाचं पत्र आलं होतं, हल्लीची मुलं वाचतच नाहीत, मोबाईलने सगळी वाट लावली, अशा अर्थाचं. पत्र कळकळीनं लिहिलेलं होतं आणि काळजीही खरी होती, पण मी गेली 19 वर्षं नाशिकमध्ये सहावी ते आठवीला मराठी शिकवतेय आणि मला त्या पत्रात एक गोष्ट राहून गेल्यासारखी वाटली म्हणून लिहायला बसले. मुलं वाचतात हो. माझ्या सातवीच्या वर्गातली निम्मी तरी मुलं धडा न अडखळता, स्वल्पविरामाला थांबून, छान आवाजात वाचून दाखवतात. आणि वाचून झाल्यावर पुस्तक मिटायला सांगितलं आणि विचारलं की बाळा, काय झालं रे गोष्टीत, तर गप्प. पुस्तक उघडू का मॅडम, असं विचारतात. मला जास्त काळजी त्या गप्प बसण्याची वाटते.

दोन वर्षांपूर्वी मी फळ्यावर एक उतारा लिहिला. "सांजावळी गुबट्या भिंडूक फोडत होता. एवढ्यात चरमी डुचकत आली आणि त्याचं टोपसं घेऊन पळाली." खाली तीन प्रश्न. गुबट्या केव्हा भिंडूक फोडत होता? चरमी कशी आली? चरमीने काय पळवलं? सगळ्या वर्गाने पाच मिनिटांत लिहून दिलं, सांजावळी, डुचकत, टोपसं. एकाचंही चुकलं नाही. चाळीस वह्या, सगळ्यांना पैकीच्या पैकी. मग मी विचारलं, भिंडूक म्हणजे काय रे? चरमी माणूस आहे का जनावर? वर्ग एकदम शांत. शब्द सगळे मी मनानेच बनवलेले होते. शेवटी मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला आणि म्हणाली, मॅडम हे तर आम्हाला काहीच कळलं नव्हतं, पण उत्तर सापडलं होतं.

सापडलं होतं. हा शब्द मुलं रोज वापरतात आणि मी इतकी वर्षं तो ऐकून सोडून देत होते. मॅडम उत्तर सापडलं, मॅडम सहाव्याचं सापडत नाहीये. समजलं असं कोणी म्हणत नाही, कारण समजायची गरजच पडत नाही, प्रश्नातला शब्द घ्यायचा, धड्यात तोच शब्द असलेली ओळ हुडकायची, पेन्सिलने खूण करायची आणि उतरवून काढायची. एका वाक्यात उत्तरे लिहा, रिकाम्या जागा भरा, कोण कोणास म्हणाले, सगळं असं होऊन जातं. आणि जे होत नाही ते गाईडमध्ये तयार असतं. नेहमीच्या प्रश्नपत्रिकेऐवजी कृती करून उत्तरं लिहायची कृतिपत्रिका आली, नववीला 2017-18 पासून आणि दहावीला त्याच्या पुढच्या वर्षी, तेव्हा आम्हाला खूप आशा वाटली होती की आता पाठांतर सुटेल, आणि तो विचार खरंच चांगला होता, पण आकृतिबंध पूर्ण करा म्हटलं की पोरं तसंच चौकटीत शब्द हुडकून भरायला शिकली, आणि स्वमत म्हणजे तर स्वतःचं मत ना, तेही पाठ करून येतात. चाळीस मुलांचं एकच स्वमत, त्याच ओळी, त्याच क्रमाने. मुलांचा यात काही दोष नाही, आम्ही जे विचारलं त्याचा सोपा रस्ता त्यांनी शोधला.

अमेरिकेत डोलोरेस डर्किन नावाच्या एक संशोधक होत्या. त्यांनी 1970 च्या दशकाच्या शेवटी शाळांमध्ये प्रत्यक्ष वर्गात बसून मिनिटामिनिटाची नोंद केली, की वाचनाच्या तासाला शिक्षक नेमकं करतात काय. वाचनाच्या तासांची 4,469 मिनिटं त्यांनी बघितली आणि त्यात मजकूर समजून कसा घ्यायचा हे शिकवण्यात गेलेली मिनिटं निघाली फक्त 20. बाकी वेळ प्रश्न विचारणं, उत्तर बरोबर का चूक ते सांगणं, स्वाध्याय देणं यात गेला. म्हणजे आकलनाची परीक्षा रोज, शिकवणं जवळपास नाहीच. हे वाचलं त्या रात्री मी माझी जुनी टाचणवही, म्हणजे रोज काय शिकवायचं ते लिहायची वही, काढली. प्रकट वाचन, कठीण शब्दांचे अर्थ, स्पष्टीकरण, स्वाध्याय. वर्षानुवर्षं तेच. मी स्वतः गोष्ट वाचताना कुठे थांबते, कुठे मागे जाऊन परत वाचते, कुठे मला शंका येते, हे मुलांसमोर मी एकदाही करून दाखवलेलं नव्हतं. त्यांना वाटत असणार की मॅडमना वाचलं की आपोआप कळतं.

आपल्याकडे वाचनाची चर्चा निघाली की 'असर'च्या, म्हणजे खेड्यापाड्यांत घरोघरी जाऊन मुलांचं वाचन आणि गणित तपासणाऱ्या पाहणीच्या, आकड्यांवर येते. 2022 च्या असरमध्ये ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी 42.8 टक्के मुलांना दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचता आली, 2018 मध्ये ते 50.5 टक्के होतं, कोरोनाने किती नुकसान केलं ते त्यात दिसतं. आठवीला 69.6 टक्के. हे आकडे गंभीर आहेतच, त्यावर काम झालंच पाहिजे. पण ती चाचणी आहे मोठ्याने वाचून दाखवायची. आठवीतली जी 69.6 टक्के मुलं त्यात पास झाली त्यांना ती गोष्ट कळली का, हे त्यात विचारलेलं नाही, आणि माझ्या वर्गात बसलेली बहुतेक मुलं अशा चाचणीत पास होणारीच आहेत. गॉफ आणि टन्मर या दोन संशोधकांनी 1986 मध्ये हे फार सोपं करून मांडलं होतं, की अक्षरं वाचता येणं आणि भाषा समजणं यांचा गुणाकार म्हणजे आकलन. बेरीज नाही हं, गुणाकार. एक बाजू शून्य असली की उत्तर शून्य.

आता मी काय करते ते सांगते. गोष्ट घेतली मुद्दाम सगळ्यांना पाठ असलेली, चिऊकाऊची. सातवीची पोरं हसायला लागली, मॅडम ही तर बालवाडीची आहे. म्हटलं असू दे. काऊचं घर शेणाचं, चिऊचं घर मेणाचं, मोठा पाऊस आला, काऊचं घर वाहून गेलं, काऊ चिऊच्या दारात, चिऊताई चिऊताई दार उघड. आणि ती म्हणते थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते, थांब माझ्या बाळाला तीट लावते. मी एकच प्रश्न विचारला, चिऊला खरंच वेळ नव्हता का?

हो मॅडम, नव्हता. कशावरून? ती म्हणाली ना तसं. म्हटलं ठीक, अजून कोणी? मग एक मुलगी म्हणाली, पण मॅडम दार उघडायला कितीसा वेळ लागतो, कडी तर काढायची, ती एकेक काम संपल्यावर दुसरं सांगते, म्हणजे तिला उघडायचंच नव्हतं. तिच्या शेजारची म्हणाली, तसं नाही, घरात बाळ असलं की असंच होतं, माझ्या ताईचं बाळ आहे तर तिला दार उघडायला जमतच नाही. मग खिडकीजवळचा एक मुलगा, जो वर्षभरात कधी स्वतःहून बोलला नव्हता, उभा राहिला आणि म्हणाला, मॅडम ती घरात एकटी आहे. बाहेर कावळा आहे. कावळा पिल्लं खातो.

वर्ग चिडीचूप झाला. माझ्या स्वतःच्या अंगावर काटा आला, कारण मी लहानपणापासून ती गोष्ट ऐकतेय आणि मला हे कधी सुचलं नव्हतं. कशावरून, मी त्यालाही विचारलं. तो म्हणाला गोष्टीत नाहीये, पण मी आमच्या गॅलरीत बघितलंय. मग मी फळ्यावर तीन रकाने आखले, गोष्टीत आहे, गोष्टीवरून वाटतं, आणि माझ्याकडचं. पुढचा सगळा तास वाक्यं त्या तीन रकान्यांत टाकण्यात गेला आणि त्यावरून अक्षरशः भांडणं झाली. चिऊ कामात होती हे पहिल्या रकान्यात का दुसऱ्यात? ती तसं म्हणाली हे पहिल्यात, पण ती खरं बोलत होती हे पहिल्यात कसं येईल? तास संपायच्या आधी कोणीतरी म्हणालं, मॅडम तो काऊ पण घर वाहून गेलं असं सांगतच नाही, नुसतं दार उघड म्हणतो, तिला काय माहीत? आणि निम्म्या वर्गाने आपलं मत बदललं. 35 मिनिटांचा तास, गोष्ट दहाबारा ओळींची, एकही उत्तर उतरवून काढण्यासारखं नव्हतं.

तेव्हापासून आमच्या वर्गात 'कशावरून?' हा शब्द रोजचा झालाय. आपल्या मराठीत किती नेमका शब्द आहे हा. मुलं एकमेकांना विचारतात. बोट ओळीवर ठेवून दाखवावं लागतं, किंवा सांगावं लागतं की हे ओळीत नाही पण या दोन ओळी एकत्र वाचल्या की वाटतं. सुरुवातीला फार वेळ लागतो, मुलं बावरतात, कारण त्यांना सवय असते की मॅडमच्या मनात एक उत्तर आहे आणि ते आपण ओळखायचं. दिवाळीपर्यंत तसंच चालतं. मग हळूहळू सुटतात.

तात्पर्याबद्दल मला थोडं जास्त बोलायचंय. प्रत्येक गोष्टीखाली तात्पर्य लिहायची आपली सवय मुलांना गोष्टीपासून तोडते असं माझं स्पष्ट मत आहे. मूल वाचायला लागायच्या आधीच त्याला माहीत असतं की शेवटी खरे बोलावे, कष्ट करावे, मोठ्यांचा मान राखावा यातलं काहीतरी निघणार, त्यामुळे ते मधलं काही बघतच नाही. एका घटक चाचणीत मी मुद्दाम अशी गोष्ट दिली होती जिच्यात एक मुलगा आजीशी खोटं बोलतो, आजीला ते कळतं आणि ती काही न बोलता त्याला जेवायला वाढते. अठ्ठावीस मुलांनी लिहिलं, तात्पर्य, नेहमी खरे बोलावे. आजी गप्प का बसली, हे कोणाला विचारावंसंच वाटलं नाही, आणि अख्खी गोष्ट तर त्या गप्प बसण्यात होती. लघुकथा अशीच असते ना, थोडं सांगते आणि बरंच वाचणाऱ्यावर सोडते, म्हणून तर या वयाच्या मुलांना ती द्यायची, कारण बारातेराव्या वर्षी त्यांना अधिक नीट कळायला लागतं की माणसं बोलतात एक आणि मनात असतं दुसरंच.

दुसरी एक गोष्ट मला कांद्याने शिकवली. आमच्या वर्गात लासलगावजवळच्या एका गावातून मामाकडे शिकायला आलेला मुलगा होता. वाचायला हळू, जोडाक्षराला अडखळायचा, म्हणून सगळ्यांनी त्याला कच्चा ठरवलेला, खरं सांगते मी पण. एकदा मी स्वतःच एक छोटा उतारा लिहून नेला. बापू रोज सकाळी चाळीपाशी जातो, फटीला नाक लावतो आणि परत फिरतो. मार्केटमधून फोन आला की बायको ओट्यावरून त्याच्याकडे बघते आणि तो मान हलवतो. श्रावण संपत आला तरी चाळीचं दार उघडलेलं नाही. प्रश्न, बापू दार का उघडत नाही? वर्गातल्या हुशार मुलांची उत्तरं, किल्ली हरवली असेल, आत साप शिरला असेल, एकाला तर चाळ म्हणजे मुंबईची खोल्यांची चाळ वाटली. हा मुलगा म्हणाला, "मॅडम, भाव नाही म्हणून तो उन्हाळ कांदा काढत नाहीये. पण कांदा सडायला लागला का वास येतो, एक सडला का शेजारचा बी सडतो, म्हणून तो रोज वास बघतो." आणि थोडं थांबून म्हणाला, "तिला माहिती आहे, म्हणून ती विचारत नाही, नुसती बघती."

इतकं चांगलं आकलन मला आजवर कुठल्या उत्तरपत्रिकेत मिळालेलं नाही. पुढे वाचलं तेव्हा कळलं की यावर अभ्यास झालेला आहे. रेख्ट आणि लेस्ली या दोन अमेरिकन संशोधकांनी 1988 मध्ये सातवी-आठवीच्या 64 मुलांना बेसबॉलच्या अर्ध्या डावाचं वर्णन वाचायला दिलं आणि मैदानाच्या छोट्या प्रतिकृतीवर लाकडी बाहुल्या हलवून काय घडलं ते दाखवायला सांगितलं. वाचनात कच्ची पण बेसबॉल कळणारी मुलं, वाचनात पक्की पण बेसबॉल न कळणाऱ्या मुलांच्या पुढे गेली. आपल्याकडे बेसबॉलच्या जागी कांदा साठवायची चाळ घ्या, दिंडोरीची द्राक्षबाग घ्या, वेलीला द्राक्षं धरावीत म्हणून करतात ती गोडी छाटणी माहीत असलेलं मूल तिथली गोष्ट आतून वाचतं. आणि नाशिक शहरात सिडकोतल्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या मुलाला ओसरी, माजघर, रहाट, मोट या शब्दांचा नुसता अर्थ वहीत लिहून देऊन काही होत नाही, त्याला ते चित्र दाखवावं लागतं, नाहीतर त्याच्यासाठी ते सगळे भिंडूकच. सातपूर-अंबडच्या कंपन्यांत कामाला आलेल्यांची मुलं आमच्याकडे आहेत, कोणाच्या घरी अहिराणी, कोणाच्या हिंदी, कोणाच्या भोजपुरी. मी त्यांना सांगते की गोष्ट आधी तुमच्या घरच्या भाषेत सांगा. धुळ्याकडची एक मुलगी पुस्तकी मराठीत तीन वाक्यं बोलून थांबायची, तीच अहिराणीत सांगायला लागली तर पाच मिनिटं हातवारे करून सांगत होती आणि वर्ग तिच्या तोंडाकडे बघत होता. तिला गोष्ट कळली होती, तिच्याकडे आमचे शब्द नव्हते एवढंच.

अजून एक पद्धत, हीसुद्धा सातवीच्याच मुलांबरोबर तिकडे अमेरिकेत 1984 मध्ये पालिंक्सर आणि ब्राउन या संशोधकांनी तपासलेली. चार चार मुलांचे गट करायचे, एक परिच्छेद वाचायचा, मग एकाने तो थोडक्यात सांगायचा, एकाने प्रश्न विचारायचा, एकाने न कळलेलं सोडवायचं, एकाने पुढे काय होईल ते सांगायचं, आणि पुढच्या परिच्छेदाला कामं बदलायची. आधी शिक्षकाने स्वतः करून दाखवायचं हे महत्त्वाचं, नाहीतर मुलं चार कामं वाटून घेतात आणि एकच पोरगा सगळं बोलतो, आमच्याकडे पहिला महिना तसंच झालं.

आता कोणी म्हणेल की एका गोष्टीला चार तास दिले तर पोर्शन कधी पुरा होणार. बरोबर आहे. आम्हा शिक्षकांना ऑनलाइन माहिती भरायची असते, मतदार यादीची कामं असतात, निवडणूक ड्युटी असते, प्रत्येक उपक्रमाचे फोटो अपलोड करायचे असतात. 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन होतो, मुलं मैदानात ओळीने पुस्तक घेऊन बसतात, फोटो निघतो, घंटा झाली की पुस्तकं गोळा होऊन कपाटात जातात आणि कपाटाला कुलूप. कितीतरी शाळांत हे चालतं आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण ती पुस्तकं सरकारच्या पैशाने मुलांसाठीच आलेली असतात. फाटली तर शिक्षकाकडून वसूल होतील ही भीती असते. अहो फाटू द्या, वाचून फाटलेलं पुस्तक शाळेच्या रेकॉर्डला चांगलं म्हणून लागलं पाहिजे. माझी शिक्षण खात्याला एवढीच विनंती आहे की सहावी ते आठवीला दर सत्रात दोन गोष्टी अशा ठेवा ज्यांच्यावर एकही छापील प्रश्न नसेल, आणि त्यासाठी वेळापत्रकात तास धरून द्या. पोर्शन थोडा कमी झाला तरी चालेल.

आणि हे गाव तर नाशिक आहे. 1840 सालचं सार्वजनिक वाचनालय आपल्याकडे आहे. कुसुमाग्रजांच्या वाढदिवशी, 27 फेब्रुवारीला, अख्खा महाराष्ट्र मराठी भाषा गौरव दिन साजरा करतो. पुस्तकांच्या पेट्या घरोघरी नेणारी 'ग्रंथ तुमच्या दारी' योजना 2009 मध्ये इथूनच सुरू झाली. बालभारतीचं 'किशोर' मासिक 1971 पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक नेटवर फुकट वाचायला मिळतात, मी दर शनिवारी त्यातली एक गोष्ट प्रिंट काढून नेते. साधनं कमी आहेत असं मला वाटत नाही.

पालकांना एक सांगायचंय. मूल गोष्ट वाचत असेल तर किती पानं झाली हे विचारू नका, आणि शेवटी यातून काय शिकलास हेही नको. तुम्ही ती गोष्ट स्वतः वाचा, दोन पानांची असते, आणि तुम्हाला जे कळलं नाही ते मुलाला विचारा. खरंच न कळलेलं. खोटं विचारलेलं त्यांना लगेच कळतं.

संपादक महोदय, आपल्याला एक विनंती. आपल्या मुलांच्या पानावर कोडी, रंगवा चित्र, सामान्य ज्ञान सगळं असतं, ते असू द्या. पण आठवड्यातून एकदा चारपाचशे शब्दांची एक गोष्ट छापा, वरच्या वर्गातल्या मुलांसाठी, खाली तात्पर्य नको, प्रश्न नकोत, शब्दार्थ नकोत. शुक्रवारी आली तर बरं, म्हणजे शनिवारच्या सकाळच्या शाळेत आम्हाला ती वर्गात घेता येईल. आमच्या सातवीच्या मुलांनी त्यावर काय भांडण केलं ते मी दर महिन्याला आपल्याला लिहून कळवीन, छापायचं की नाही ते आपण ठरवा.

आपली,
मराठीची एक शिक्षिका, नाशिक